दोन दिवसांचा मुक्काम, चौदा दिवसांच्या गोळ्या

सकाळी साडेसातच्या सुमाराला वैनगंगेच्या पुलाअलीकडे गाडी बाजूला लागली आणि सिस्टरनी टपावरची खोकी पुन्हा एकदा मोजायला घेतली. मलेरियाच्या तपासणीचे किट, काचपट्ट्या, बोटाला टोचायच्या सुया, स्पिरिट, कापूस, वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र, जलसंजीवनीची पाकिटं, खरजेचं मलम, तापाची औषधं. शिवाय सात माणसांना तीन दिवस पुरतील एवढे तांदूळ, डाळ, तेल, कांदे-बटाटे. ज्या गावी जायचं त्या गावच्या कोठीतला दाणा खायचा नाही, हा या पथकाचा पहिला नियम आहे.

पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा मागे पडतो आणि आष्टीपासून गडचिरोली सुरू होतो. थोडं खाली, चपराळ्याच्या जंगलाजवळ, वर्धा नदी येऊन वैनगंगेला मिळते आणि तिथून पुढे नदीचं नावच बदलतं. प्राणहिता. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सगळा मुलूख एकच जिल्हा होता. जुन्या कागदपत्रांत त्याला चांदा म्हटलेलं सापडतं.

पथकात एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक फादर, कॉलेजातली दोन मुलं आणि गाडीचा चालक. सिस्टर दोघी केरळच्या. यात नवल नाही: सिरो-मलबार चर्चसाठी १९६२ साली चांद्याचं कार्यक्षेत्र स्वतंत्र झालं, १९७७ मध्ये त्याचा पूर्ण धर्मप्रांत झाला, त्याचं मुख्य चर्च बल्लारपूरला आहे. तेव्हापासून केरळातली कितीतरी माणसं या जंगलात येऊन मराठी शिकली आणि इथलीच झाली. दोन्ही मुलं मात्र चंद्रपूरच्या जुन्या मराठी ख्रिस्ती घरांतली, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. नाताळ दोन आठवड्यांवर आला होता. शहरातल्या चर्चमध्ये गाण्यांच्या तालमी चालू होत्या आणि या दोघांनी त्या बुडवल्या होत्या.

आष्टीहून आलापल्लीकडे जाताना समोरून लोहखनिजाचे ट्रक येत राहतात, सुरजागडच्या खाणीतले. धुळीने रस्त्याकडेची पानं तांबडी झालेली. आलापल्ली आली की मात्र सागवान दिसायला लागतो, आणि तो असा सरळसोट की मान वर करून पाहावं. इथल्या जंगलाचा एक तुकडा, ‘वनवैभव आलापल्ली’, २०१४ साली महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. या पट्ट्यातलं लाकूड बल्लारपूरच्या आगारात जातं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं ते तिथूनच. पेरमिली, ताडगाव, हेमलकसा, मग भामरागड. तिथे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचं हे गाव जगापासून तुटतं. म्हणून अशा फेऱ्या डिसेंबरात निघतात, नद्या उतरल्यावर आणि धान कापून खळ्यावर आल्यावर.

चांद्याला ख्रिस्ती सेवेकरी येऊ लागले त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन चांदा शहरात होतं आणि अमेरिकन मेथडिस्टांचं दूर दक्षिणेला, गोदावरीकाठच्या सिरोंच्यात. चांद्याच्या मिशनमध्ये १८९८ साली अलेक्स वुड हे तरुण स्कॉटिश पाद्री आले. १९०६ मध्ये त्यांनी या कामावर ‘इन अँड आउट ऑफ चांदा’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचा उद्देश सरळ होता आणि तो त्यांनी लपवला नाही: शाळा, दवाखाना, आणि त्याबरोबर धर्मप्रसार. हेच वुड पुढे १९२६ ते १९३६ नागपूरचे बिशप होते.

आणि इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण या पथकातल्या फादरांना ती तोंडपाठ आहे आणि प्रवासात ते ती मुलांना सांगतात. १९३२ च्या सुरुवातीला व्हेरिअर एल्विन हा ऑक्सफर्डहून आलेला पाद्री आणि त्याचा मराठी ख्रिस्ती मित्र शामराव हिवाळे, दोघे मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी गोंडांमध्ये राहायला गेले. दोघेही पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातले. एल्विन गांधीजींच्या जवळचे, आणि गोंडांचं धर्मांतर करायला आपण आलेलो नाही असं म्हणणारे. बिशप वुड यांनी त्यांना चर्चचा परवाना दिला नाही. वाद वाढत गेला आणि १९३५ मध्ये एल्विन चर्चमधून बाहेर पडले. दोघांनी मिळून गोंड सेवा मंडळ उभं केलं; शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांसाठी आश्रम. एल्विन पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून जगभर गाजले आणि ईशान्य भारतात गेले. शामराव मंडल्यातच राहिले. प्रधान जमातीवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक १९४६ साली आलं. मराठी वाचकाला एल्विन माहीत असतात, शामराव नसतात. या माणसाचं नाव महाराष्ट्रात इतकं कमी घेतलं जावं याची खंत वाटते.

फादरांनी गोष्ट संपवली तेव्हा मुलांपैकी एकाने विचारलं, “मग बरोबर कोण होतं?” फादर म्हणाले, “आपण त्या गावात पोचल्यावर पुस्तक काढणार आहोत की किट?” मुलाने उत्तर दिलं नाही. शिबिरात प्रार्थना नाही, पत्रकं नाहीत, क्रॉसचं चिन्ह असलेला फलकही नाही, हा पथकाचा दुसरा नियम. प्रार्थना पहाटे, नदीकाठी, आपली आपण. सेवा घेणाऱ्याच्या मनात ‘याच्या बदल्यात काय द्यावं लागेल’ हा प्रश्न राहिला तर ती सेवा उरत नाही, असं फादरांचं मत आहे. हे मत फादरांइतकंच गावालाही हवं आहे. मेंढा-लेखासारख्या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवले, तेव्हापासून या जिल्ह्यातल्या ग्रामसभा आपल्या शिवारात कोण येतं, कशासाठी येतं, हे विचारू लागल्या आहेत. विचारलंच पाहिजे. महिनाभर आधी एक सिस्टर जाऊन ग्रामसभेला भेटून आल्या होत्या. गावकऱ्यांनी तारीख दिली, ती मळणीचा हंगाम पाहून दिली.

गावाचं नाव इथे मुद्दाम घेतलेलं नाही; पुढे ज्यांच्या आजारांविषयी लिहायचं आहे त्यांना त्याचा त्रास नको. भामरागडपासून काही अंतरावर गाडीरस्ता संपतो. तिथून ओढा ओलांडून पाऊण तासाची पायवाट. खोकी कावडीला लावून गावातलेच चार जण घेऊन गेले. पन्नासेक घरं, सगळी माडिया गोंडांची. कुडाच्या भिंती, शेणामातीने सारवलेल्या. अंगणात मोहाची झाडं, कोंबड्या, काळी डुकरं. मधोमध गोटुल, गावाचं सामाईक घर, आणि त्याच्या मोकळ्या पडवीत शिबिर. “जोहार” म्हणून गावचे पाटील पुढे आले आणि त्यांनी आधी पाणी दिलं.

‘सिस्टर’ हा शब्द गावाला ओळखीचा होता. उपकेंद्रातली परिचारिका म्हणजे सिस्टर. या दोघी मात्र परिचारिकाही आणि धर्मभगिनीही, पण तो फरक कुणी विचारला नाही.

भाषेचं काम सोपं नव्हतं. डॉक्टर मराठीत विचारणार, गावातली आरोग्यसेविका, आशाताई, ते माडियात सांगणार, आजीबाई बराच वेळ उत्तर देणार आणि आशाताई त्याचं मराठी एका वाक्यात आटोपणार. पण थोरल्या सिस्टरना एक वाट सापडली होती. गोंडी आणि माडिया या द्राविड कुळातल्या भाषा, मल्याळमच्या दूरच्या बहिणी. गोंडीत हाताला ‘कै’ म्हणतात, मल्याळममध्येही ‘कै’. डोळ्याला गोंडीत ‘कन’, मल्याळममध्ये ‘कण्ण’. सिस्टर मुलाचा हात धरून “कै” म्हणाल्या की मूल चटकन मुठीतलं बोट मोकळं करायचं. मराठी घरांतली दोन्ही मुलं हे बघत राहिली. आपल्याच मुलखातली भाषा केरळच्या बाईला आपल्यापेक्षा जवळची निघाली.

सात-आठ वर्षांचा एक मुलगा आजीच्या पाठीमागे लपून बसला होता. दोन दिवसांपासून थंडी वाजून ताप. सिस्टरनी त्याचं बोट पुसलं, टोचलं, टपोरा थेंब काचेच्या बारीक नळीत ओढून किटच्या खाचेत सोडला, वर द्रावणाचे थेंब टाकले आणि घड्याळ पाहिलं. पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं. मुलगा रडायचा थांबला आणि पांढऱ्या पट्टीवर गुलाबी रंग सरकत जाताना पाहू लागला. आधी नियंत्रणाची रेघ उमटली. मग दुसरी, फिकट, पण ठाम. व्हायवॅक्स मलेरिया.

महाराष्ट्रातला मलेरिया म्हटला की गडचिरोलीचं नाव पहिलं येतं. दाट जंगल, साचलेलं पाणी, दूर दूर पसरलेले पाडे. मच्छरदाण्या मिळतात, पण धान राखायला माणसं शेतातल्या मांडवावर झोपतात आणि मच्छरदाणी घरी राहते. डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू असतो हे रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये ज्या सिकंदराबादला शोधलं, ते इथून फार लांब नाही. १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. इतकं जुनं ज्ञान, आणि पोरगं अजून तापाने फणफणतं आहे.

व्हायवॅक्सची एक खोड आहे. रक्तातले जंतू क्लोरोक्विनने तीन दिवसांत जातात, ताप उतरतो, मूल खेळायला लागतं. पण यकृतात काही जंतू निजून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांना मारायला प्रायमाक्विन लागतं, रोज, सलग चौदा दिवस. या वयाच्या मुलाला अडीच मिलिग्रॅमच्या दोन बारीक गोळ्या दिवसाला. म्हणजे अठ्ठावीस गोळ्या. उपाशीपोटी द्यायच्या नाहीत. लघवी काळपट झाली तर ताबडतोब थांबवायच्या, कारण काही जणांच्या रक्तात एक विकर कमी असतं आणि हे औषध त्यांच्या तांबड्या पेशी फोडतं.

पथक दोन दिवस राहणार. गोळ्या चौदा दिवस चालणार. या सगळ्या प्रवासाची खरी अडचण या दोन आकड्यांच्या मधे आहे.

दुपारी ती अडचण डोळ्यांसमोर आली. आजी घरात गेली आणि छपराच्या वाशांत खोवलेलं एक पुडकं घेऊन आली. आत औषधांच्या पट्ट्या, अर्ध्या वापरलेल्या, धुराने काळवंडलेल्या. काही वर्षांपूर्वी शहरातून आलेल्या एका पथकाने दिलेल्या. त्यांनी कपडेही वाटले होते, बिस्किटंही, आणि संध्याकाळच्या आत ते परतले होते. कोणती गोळी कशाची, हे आजीला कुणी सांगितलं नव्हतं. तिने त्या फेकल्या नाहीत, कारण लांबून आलेल्या माणसांनी दिलेली वस्तू कशी फेकायची? डॉक्टरांनी पट्ट्या हातात घेतल्या, तारखा वाचल्या आणि पिशवीत टाकल्या. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

बाहेरून येऊन थोडे दिवस राबून जाणाऱ्यांनी या भागात टिकाऊ असं काही केलंच नाही, असं नाही. आनंदवनाची सुरुवात घ्या. वरोऱ्याजवळच्या माळावर बाबा आमटे, साधनाताई आणि मोजके कुष्ठरुग्ण, असा तो संसार होता. पन्नासच्या दशकात तिथे ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे निरनिराळ्या देशांतले तरुण आले आणि त्यांनी कुष्ठरुग्णांबरोबर विटा-माती वाहून दवाखान्याच्या इमारती उभ्या केल्या. ही संघटना पिएर सेरेसोल या स्विस माणसाने १९२० मध्ये सुरू केली होती. पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेलं वेर्दूंजवळचं एक फ्रेंच खेडं पुन्हा बांधायला तो कालपरवाच्या शत्रुदेशांतली माणसं घेऊन गेला होता. वरोऱ्याच्या शिबिरातले तरुण आपापल्या देशी परतले. भिंती मात्र कामाला आल्या, कारण आत राहणारी माणसं आधीपासून तिथे होती आणि ती कुठे जाणार नव्हती.

तसंच हेमलकशाचं. २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे झाडाखाली रुग्ण तपासू लागले, माडिया शिकले. १९७५ मध्ये स्विसएडच्या मदतीने छोटं रुग्णालय उभं राहिलं. पैसे परदेशातून आले, पण माणसं पन्नास वर्षं जागची हलली नाहीत. पथकाची गाडी येताना याच रुग्णालयाच्या फाट्यावरून आली होती, आणि जे रोगी आपल्या आवाक्याबाहेरचे असतील त्यांना तिथे किंवा सरकारी रुग्णालयात पोचवायचं, हे आधीच ठरलं होतं. वैनगंगेपलीकडचे रोगी ब्रह्मपुरीच्या ख्रिस्तानंद रुग्णालयात जातात. इतक्या आतल्या गावाला ते फार दूर.

संध्याकाळी त्या मुलाची थोरली बहीण आली. चौदा-पंधराची, अंगाने बारीक, डोळ्यांत पिवळसर झाक. थंडी पडली की हातपाय असह्य दुखतात, म्हणाली. डॉक्टरांनी सिकलसेल आजाराची साधी चाचणी केली. नळीतलं द्रावण गढूळ झालं, मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनात. एवढ्याने निदान पक्कं होत नाही. एकाच पालकाकडून दोष आला आहे की दोघांकडून, हे कळायला रक्ताचा नमुना इलेक्ट्रोफोरेसिससाठी पाठवावा लागतो. तो पाठवायचा ठरला.

एकाच घरात भावाला मलेरिया आणि बहिणीला सिकलची शंका, हा निव्वळ योगायोग नसावा. रक्ताचे काही आनुवंशिक दोष मलेरियाच्या मुलखातच का टिकून राहतात, यामागे मलेरियाच असावा, हा तर्क जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडला. सिकलच्या बाबतीत अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून तो दाखवून दिला: ज्याला सिकलचा दोष एकाच पालकाकडून मिळतो त्याला जीवघेण्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. दोन्हीकडून मिळाला तर मात्र आयुष्यभराची वेदना. हजारो वर्षं या जंगलात मलेरियाशी झुंजताना माणसाच्या रक्ताने केलेला हा सौदा आहे, आणि त्याची किंमत कदाचित ही मुलगी मोजते आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. त्या सात कोटींतली एक त्या संध्याकाळी गोटुलच्या पडवीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

रात्री शेकोटीजवळ मुख्य बैठक झाली, आणि तिच्यात मुख्य व्यक्ती होती आशाताई. गडचिरोलीत हे नवीन नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्थेमार्फत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतल्या त्या प्रयोगात नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. पुढे देशभरच्या आशांच्या कामात ही पद्धत आली. म्हणजे डॉक्टर निघून गेल्यावर गावात कोण उरतं, या प्रश्नाचं उत्तर याच जिल्ह्याने जगाला दिलेलं आहे.

डॉक्टरांनी आशाताईंना प्रायमाक्विनचं सगळं पुन्हा सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. मुलाच्या आईला वाचता येत नव्हतं. आशाताईंनी चुलीतला कोळसा उचलला आणि घराच्या सारवलेल्या भिंतीवर चौदा उभ्या रेघा ओढल्या. रोज जेवण झालं की दोन गोळ्या, आणि ओल्या हाताने एक रेघ पुसायची. आईने मान डोलावली. पहिल्या दोन गोळ्या तिनेच दिल्या, १३ डिसेंबरच्या रात्री, आणि पहिली रेघ पुसली. सिस्टरनी बोटांवर मोजलं: शेवटची रेघ सव्वीसला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शंभराच्या आसपास माणसं तपासून झाली. खरूज, खोकला, गुडघेदुखी, एका म्हाताऱ्याच्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू, एका गरोदर बाईचा वाढलेला रक्तदाब. ती बाई त्याच गाडीतून भामरागडच्या रुग्णालयात गेली. फादर आणि दोन्ही मुलं खाली उतरून पुढच्या गावापर्यंत चालत आली. निघताना पाटलांनी एकच विचारलं, “पुन्हा कधी?” थोरल्या सिस्टरनी जानेवारीतली तारीख सांगितली आणि ती आशाताईंच्या वहीत लिहायला लावली.

गावात मोबाइलची रेंज नाही. ती मिळवायला टेकडीवर चढावं लागतं. सव्वीस डिसेंबरला संध्याकाळी चंद्रपुरात सिस्टरचा फोन वाजला. आशाताई टेकडीवरून बोलत होत्या, वाऱ्याने आवाज तुटत होता. मुलाला ताप नाही, लघवी स्वच्छ आहे, भिंतीवर एकही रेघ शिल्लक नाही. पण पाकिटात दोन गोळ्या उरल्या आहेत. आईने विचारपूस केली तेव्हा मुलाने कबूल केलं: एक रेघ त्याने खेळता खेळता स्वतःच पुसली होती.

“उद्या जेवण झालं की त्या दोन द्या,” सिस्टर म्हणाल्या, “आणि परवा मला पुन्हा फोन करा.”